नवरा पडद्यावर आला, पण जाब कुणीच विचारला नाही

१९५६ साली हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओने 'द ऑपोझिट सेक्स' नावाचा म्युझिकल काढला. तो १९३९ च्या 'द विमेन'चा रिमेक, आणि 'द विमेन' म्हणजे क्लेअर बूथचं १९३६ चं नाटक, जे ब्रॉडवेवर ६५७ प्रयोग चाललं. गोष्ट तिन्हीकडे एकच आहे. न्यूयॉर्कमधलं पैसेवालं घर, बायकोला वाटतंय आपला संसार छान चाललाय, नवऱ्याचं बाहेर अफेअर चालू आहे हे मैत्रिणींपासून मॅनिक्युअरवालीपर्यंत सगळ्यांना माहितीये फक्त तिलाच नाही, मग एक मैत्रीण मुद्दाम तिला त्याच ब्यूटी सलूनमध्ये पाठवते, तिथे नखं रंगवता रंगवता ती मॅनिक्युअरवाली सगळं बोलून जाते, मग भांडण, डिव्होर्स, नवरा त्या दुसरीशी लग्न करतो, पस्तावतो, आणि शेवटी पहिली बायको त्याला परत मिळवते. नाटकात आणि १९३९ च्या सिनेमात एकही पुरुष दिसत नाही. १९५६ मध्ये दिसतात, आणि या सगळ्या रिमेकमधला खरा मोठा बदल हाच आहे, गाणी आणि रंग नंतर.

मला नेमकं या बदलाबद्दल बोलायचंय. नवरा पडद्यावर आणला म्हटल्यावर त्याला निदान एकदा तरी कुणीतरी समोर बसवून विचारायला हवं होतं की बाबा, तू हे का केलंस? ते होत नाही. चाळीसएक मिनिटांनी नाही, शेवटी पण नाही. आणि मला वाटतं लग्नातल्या फसवणुकीवरचा सिनेमा जर फसवणाऱ्यालाच काही विचारत नसेल तर तो कितीही देखणा असू दे, तो आपल्याला एक वाईट सवय लावून जातो, हिशोब चुकीच्या माणसाकडे मागायची सवय.

आधी १९३९ चा सिनेमा घेऊ, कारण त्याशिवाय रिमेकचं काय चुकलं ते कळणार नाही. दिग्दर्शक जॉर्ज क्युकर, पटकथा ॲनिटा लूस आणि जेन मर्फिन या दोघींची, नॉर्मा शिअरर बायको मेरी हेन्स, जोन क्रॉफर्ड परफ्यूमच्या काउंटरवर काम करणारी क्रिस्टल, रोझलिंड रसेल ती विषारी मैत्रीण सिल्व्हिया. शंभरच्या वर बोलणारी पात्रं आणि सगळ्या बायका. नवऱ्यांबद्दल अखंड बोलणं चालू असतं, त्यांचे फोन येतात, त्यांची वाट बघितली जाते, त्यांच्यासाठी रडलं जातं, पण ते स्वतः कधीच येत नाहीत. लोक याचं कौतुक करतात आणि ते कौतुक बरोबर पण आहे, कारण पुरुष न दाखवता पुरुषांच्या पैशावर आणि मर्जीवर चालणारं जग दाखवणं हे सोपं काम नाही.

त्यातला एक सीन मला आख्ख्या सिनेमातला सगळ्यात भारी वाटतो. मेरी आणि तिच्या नवऱ्याचं शेवटचं भांडण, ज्यात लग्न मोडतं, ते आपल्याला दिसतच नाही. ते घरातली मेड बाहेरून चोरून ऐकते आणि मग स्वयंपाकघरात येऊन कुकला सांगते, म्हणजे नुसतं सांगत नाही, करून दाखवते, साहेब काय म्हणाले, बाईसाहेब काय म्हणाल्या, साहेबांचा आवाज कसा झाला. कुक सगळं ऐकून घेते आणि मग तिचं मत देते की एकाच वेळी बायकोवर पण प्रेम आहे आणि दुसरीवर पण, हे नीट समजावून सांगणारा पहिला पुरुष जो कुणी निघेल त्याला ते स्वीडनवाले देतात ते बक्षीस मिळेल. बघा, नवरा हजर नाही तरी त्याच्यावर खटला चालला आणि एका स्वयंपाकिणीने निकाल पण दिला. तिला त्या घरात काही अधिकार नाही, तिचं मत कुणी विचारलेलं नाही, तरी सिनेमात नवऱ्याला उद्देशून खरं असं जे काही बोललं जातं ते हेच, आणि ते एका पगारी बाईच्या तोंडी आहे.

बाकी सगळ्या जणी मेरीलाच सांगत राहतात. मैत्रिणी सांगतात. तिची आई पण सांगते, आणि आईचं सांगणं जास्त लागतं कारण ती तिच्या परीने प्रेमाने सांगतेय. तुझ्या वडिलांनी पण हेच केलं होतं, मी काही बोलले नाही, तू पण बोलू नकोस, माझ्याबरोबर चार दिवस बर्म्युडाला चल, ते आपोआप संपेल. एका पिढीने गिळलं म्हणून दुसरीने पण गिळावं. मेरी ऐकत नाही, सरळ बोलते, डिव्होर्स घेते, आणि सिनेमा नंतर तासभर तिला हेच शिकवतो की आई बरोबर होती. शेवटी मेरी म्हणते की प्रेमात पडलेल्या बाईला स्वाभिमान परवडत नाही आणि हात पसरून न दिसणाऱ्या नवऱ्याकडे धावत जाते. मला हा शेवट दर वेळी टोचतो, कारण पडद्यावर कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर आहे, आनंद तिचा आहे, आणि ज्याने घर मोडलं त्याने परत येताना काय तोंड केलं होतं ते आपल्याला बघायलाच मिळत नाही.

आता कायद्याबद्दल थोडं, कारण त्याशिवाय ही गोष्ट अर्धीच कळते. हे नाटक आणि सिनेमे आले त्या काळात न्यूयॉर्क राज्यात डिव्होर्सला कारण एकच चालायचं, व्यभिचार. दुसरं काही नाही, मारहाण नाही, सोडून जाणं नाही. हा नियम अठराव्या शतकाच्या शेवटापासून चालत आलेला, तो बदलणारा कायदा १९६६ मध्ये झाला आणि १९६७ पासून लागू झाला. आणि व्यभिचार म्हटलं की कोर्टात पुरावा द्यावा लागणार, साक्षीदार आणावे लागणार, पेपरात नाव येणार. त्यामुळे ज्यांना नुसतं वेगळं व्हायचं होतं असे लोक हॉटेलची खोली घेऊन, पैसे देऊन एखादी बाई उभी करून, फोटोग्राफर बोलवून खोटा व्यभिचार उभा करायचे, वकिलांच्या मदतीने, आणि ज्यांच्याकडे पैसे असायचे ते नेवाडातल्या रीनोला जायचे.

रीनो म्हणजे तेव्हाची अमेरिकेची डिव्होर्सची राजधानी. नेवाडाने १९३१ मध्ये राहण्याची अट सहा आठवड्यांवर आणली. बाईने रँचवर किंवा बोर्डिंगमध्ये सहा आठवडे राहायचं, मग कोर्टात शपथेवर सांगायचं की मी आता नेवाडातच राहणार आहे, ती इथेच होती असं रँचवाल्याने साक्षीत सांगायचं, डिव्होर्स हातात, आणि संध्याकाळची गाडी पकडून परत पूर्वेला. क्लेअर बूथचा स्वतःचा डिव्होर्स १९२९ मध्ये तिथलाच, म्हणजे तिने हे जग आतून बघितलेलं होतं. ती नंतर 'टाइम' साप्ताहिकवाल्या हेन्री ल्यूसशी लग्न करून क्लेअर बूथ ल्यूस झाली, अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून गेली, आणि हा म्युझिकल आला त्या वर्षी ती इटलीत अमेरिकेची राजदूत होती.

रीनोमधली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तिथे कारण म्हणून बहुतेक सगळ्या 'क्रूरता' लिहायच्या. मानसिक क्रूरता. व्यभिचार लिहायची गरजच नव्हती आणि लिहून कुणाला फायदा पण नव्हता, उलट सगळ्यांचं नाव खराब. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये राहिलीस तर नवऱ्याचं कृत्य सिद्ध करायला स्वतःची धिंड काढून घे, आणि रीनोला गेलीस तर ते कृत्य कागदावरून गायब. तिच्या नवऱ्याने तिला फसवलं हे वाक्य कुठल्याही सरकारी कागदावर उमटत नाही, त्याने क्रूरपणा केला असं एक गुळगुळीत वाक्य उमटतं जे शेजारच्या टेबलवरच्या बाईच्या कागदावर पण तसंच आहे. म्हणजे सिनेमाच्याही आधी कायद्यानेच नवऱ्याला गोष्टीतून बाहेर काढून ठेवलं होतं. १९३९ चा सिनेमा पुरुष दाखवत नाही तेव्हा तो, जाणूनबुजून असो की नसो, ही परिस्थिती तंतोतंत दाखवतो, सहा आठवडे एका रँचवर बायका बायकांशी भांडतायत आणि ज्यांच्यामुळे भांडतायत ते दोन हजारांहून जास्त मैलांवर आपापल्या ऑफिसात आहेत. म्हणून मला तो सिनेमा अन्यायकारक वाटतो पण खोटा वाटत नाही.

रिमेक मात्र खोटा वाटतो.

दिग्दर्शक डेव्हिड मिलर, निर्माता जो पास्टरनाक, पटकथा फे आणि मायकेल कॅनिन या नवरा-बायकोची. सिनेमास्कोपचा रुंद पडदा, भडक सुंदर रंग, हेलन रोझचे कपडे. मेरीची आता के झाली, जून ॲलिसन. क्रिस्टल म्हणजे जोन कॉलिन्स, तेव्हा तेवीस वर्षांची, पुढे 'डायनेस्टी'मुळे जगभर माहीत झालेली. सिल्व्हिया म्हणजे डोलोरेस ग्रे. नवरा स्टीव्ह म्हणजे लेस्ली नील्सन, हो तोच, 'नेकेड गन'वाला, पण तेव्हा तो गंभीर देखणा हिरो होता. क्रिस्टल आता परफ्यूमच्या दुकानात नाही, स्टीव्ह ब्रॉडवेचा प्रोड्यूसर आहे आणि ती त्याच्याच शोमध्ये कोरसमध्ये नाचते. के पूर्वी गायिका होती, लग्नानंतर गाणं सोडलं.

हे बदल वाचताना तर वाटतं अरे वा, किती छान जमू शकलं असतं. नवरा आता बॉस आहे आणि ती दुसरी त्याच्या हाताखाली काम करणारी मुलगी आहे, तिची नोकरी त्याच्या हातात आहे. म्हणजे सत्ता कुणाकडे आहे ते आता अगदी उघड आहे. १९३९ मध्ये क्रिस्टल आणि मेरीचा नवरा स्टीफन यांची ओळख एका दुकानाच्या काउंटरवर होते, तिथे निदान दोघं दोन बाजूंना उभे होते. इथे एक जण पगार देतो आणि दुसरी पगार घेते. आणि तरी सिनेमा काय दाखवतो, तर क्रिस्टल कशी त्याच्या मागे लागते आणि बिचारा कसा सापडतो. प्रोड्यूसर कोरस गर्लच्या जाळ्यात सापडतो! ज्या धंद्यात नेमकं उलटं चालायचं आणि ते एमजीएमच्या आवारातल्या प्रत्येकाला माहीत असणार, त्या धंद्यातली माणसं हे लिहितायत आणि शूट करतायत. मला यात लेखकांचा दुष्टपणा दिसत नाही, मला यात सवय दिसते, आणि सवय मोडायला दुष्टपणा मोडण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

जून ॲलिसनला घेण्यात पण तीच सवय आहे. ती त्या काळातली पडद्यावरची आदर्श बायको, 'द स्ट्रॅटन स्टोरी', 'द ग्लेन मिलर स्टोरी', 'स्ट्रॅटेजिक एअर कमांड', नवऱ्याच्या मागे खंबीर उभी राहणारी, रडू आलं तरी हसणारी. तिला बघितल्या बघितल्या प्रेक्षकाला कळतं की ही माफ करणार. नॉर्मा शिअररच्या मेरीबद्दल थोडी तरी धाकधूक होती.

आता गाणी. म्युझिकल हा प्रकार मला मनापासून आवडतो आणि त्याचं कारण एकच, जे माणूस बोलू शकत नाही ते तो गाऊन सांगू शकतो. बोलताना लाजणारा, खोटं बोलणारा, टाळाटाळ करणारा माणूस गायला लागला की त्याच्या आत काय चाललंय ते उघडं पडतं, प्रेक्षकासमोर तरी पडतंच. म्हणजे बायकोला फसवणाऱ्या माणसाच्या मनात शिरायचं असेल तर याच्याइतका चांगला फॉर्म दुसरा नाही. नाटकात स्टीव्ह आणायचा तर त्याला लांबलचक संवाद लिहावे लागतील, सिनेमात क्लोजअप लागतील, म्युझिकलमध्ये तीन मिनिटांचं एक गाणं पुरतं. रात्री उशिरा थिएटर रिकामं झालंय, हा माणूस एकटा बसलाय, घरी जायचं की तिच्याकडे जायचं हे त्याला ठरवता येत नाहीये, एवढं गाणं लिहायला सॅमी कान आणि निकोलस ब्रॉड्स्की हे नेहमीचे कसलेले लोक होतेच की, याच सिनेमाची गाणी त्यांनी केलीयत.

पण स्टीव्हला गाणं नाही. एक ओळ पण नाही. सिनेमातली गाणी जवळजवळ सगळी स्टेजवरची, कुणीतरी कार्यक्रमात गातंय, कुणीतरी शोमध्ये नाचतंय, म्हणजे पात्राच्या मनातलं त्यात काही नाही. आणखी वाईट वाटणारी गोष्ट म्हणजे ॲन मिलर, जिच्यासारख्या टॅप डान्सर हॉलिवूडमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या, ती या म्युझिकलमध्ये आहे आणि नाचत नाही. डोलोरेस ग्रे, काय आवाज होता तिचा, ती नावं येताना टायटल साँग गाते आणि मग संपूर्ण सिनेमाभर एकदाही गात नाही. ज्यांच्याकडे बोलायला दुसरी भाषा होती त्यांना पण गप्प ठेवलं आणि फक्त एकमेकींचे केस ओढायला लावले. बायकांच्या मारामाऱ्या मात्र दणक्यात घेतल्यात, केने क्रिस्टलच्या थोबाडीत मारलेली तर प्रसिद्धच आहे. थोबाडीत क्रिस्टलच्या. स्टीव्हच्या नाही.

आणि हे काही एकट्या या सिनेमाचं नाही. त्याच १९५६ साली त्याच एमजीएमने 'हाय सोसायटी' काढला, तो पण रिमेक, तो पण म्युझिकल, आणि मूळ सिनेमा 'द फिलाडेल्फिया स्टोरी' तो पण जॉर्ज क्युकरचाच, १९४० चा. ग्रेस केली, बिंग क्रॉस्बी, फ्रँक सिनात्रा, कोल पोर्टरची गाणी, लुई आर्मस्ट्राँग स्वतः, म्हणजे सगळ्या बाबतीत 'द ऑपोझिट सेक्स'पेक्षा कितीतरी वरचा सिनेमा, मी तो पुन्हा पुन्हा बघू शकते. पण त्यात हिरोईनचे वडील एका डान्सरच्या नादी लागलेले आहेत, घर सोडून गेलेले आहेत, आणि मुलीच्या लग्नाला परत आल्यावर ते मुलीलाच ऐकवतात की तू जर वडिलांवर माया करणारी मुलगी असतीस तर मला तरुण वाटण्यासाठी बाहेर जावं लागलं नसतं. हे मूळ नाटकातून सिनेमात आलं आणि सिनेमातून म्युझिकलमध्ये, सोळा वर्षांत मधे युद्ध होऊन गेलं, बायका कारखान्यात काम करून आल्या, आणि हे भाषण तसंच्या तसं टिकलं. आई तिथेच उभी आहे, तिने तर काही विचारलेलंच नाही. बाप बाहेर गेला याची जबाबदारी मुलीची! आणि पुढे तीच मुलगी बदलायला हवी, जरा मऊ व्हायला हवी, यावर सगळा सिनेमा उभा आहे.

दोन सिनेमे, एक स्टुडिओ, एक वर्ष. एकात बायकोच्या स्वाभिमानाला दोष, दुसऱ्यात मुलीच्या कडक स्वभावाला दोष. दोन्हीकडे पुरुष परत येतो आणि त्याची जागा तशीच राखून ठेवलेली असते.

यावर लोक म्हणतात, आणि हे म्हणणं मी हलक्यात घेत नाही, की तेव्हा हेज कोड होता, म्हणजे सिनेमात काय दाखवायचं आणि काय नाही याचे हॉलिवूडचे नियम, लेखकांचे हात बांधलेले होते. कोड होताच. १९३४ पासून तो कडक लावला जायचा, लग्नसंस्थेचं आणि घराचं पावित्र्य राखलं पाहिजे असं त्यात लिहिलेलं होतं, व्यभिचार दाखवायचाच असेल तर तो आकर्षक वाटेल असा दाखवायचा नाही आणि त्याचं समर्थन करायचं नाही असं पण लिहिलेलं होतं. आता हे नीट वाचा. समर्थन करायचं नाही. मग कोडप्रमाणे सगळ्यात पहिला जाब कुणाला द्यावा लागायला हवा? लग्न केलेल्या माणसाला. क्रिस्टलने कुणाला कसलंही वचन दिलेलं नाही, वचन स्टीव्हने दिलंय. कोड काटेकोर पाळला असता तर स्टीव्हला काहीतरी भोगावं लागलं असतं, निदान काहीतरी बोलावं लागलं असतं. पण शिक्षा होते क्रिस्टलला, तिचं पैसेवालं लग्न हातून जातं, तिचं बक नावाच्या त्या रीनोच्या काउबॉयबरोबरचं प्रकरण सगळ्यांसमोर उघडं पाडलं जातं. म्हणजे तीच चूक, लग्न झालेलं असताना बाहेर प्रेम, क्रिस्टलने केली तर सिनेमाचा क्लायमॅक्स, स्टीव्हने केली तर सिनेमाची सुरुवात. कोडने हे सांगितलेलं नव्हतं. कोडच्या नावाखाली लोकांनी जे आधीपासून मानत होते तेच केलं.

दुसरे म्हणतात अहो ही कॉमेडी आहे, इतकं काय मनाला लावून घेता. पण कॉमेडी म्हणूनच तर. रडक्या सिनेमात आपण सावध असतो, कुणावर अन्याय होतोय ते शोधत असतो, हसताना आपण सगळं आत येऊ देतो. आईने सांगितलेलं गप्प बसायचं शहाणपण, मैत्रिणींनी सांगितलेले केस आणि नखं नीट ठेवायचे उपाय, नवरा म्हणजे लहान मूल असतं हे पण, सगळं हसत हसत आत येतं. १९५६ मधल्या किती बायका थिएटरमधून घरी गेल्या असतील, ज्यांच्या घरात हेच चालू होतं, आणि त्या काय घेऊन गेल्या? की आपण थोडं जास्त चांगलं दिसलो आणि थोडा कमी ताठा दाखवला तर जमेल. त्यातल्या बहुतेकींकडे रीनोला जायचे पैसे पण नव्हते.

एक गोष्ट मला इथे स्पष्ट लिहायला हवी, नाहीतर लोकांना वाटेल मी माफीच्या विरोधात आहे. अजिबात नाही. फसवणूक झाल्यावर परत एकत्र राहायचं ठरवणारी माणसं मी बघितलीयत, बायका पण आणि पुरुष पण, आणि त्यातल्या काहींचा संसार नंतर खरोखर चांगला झाला. पण तिथे काय झालं होतं? ज्याने चूक केली तो बसला, बोलला, लाज वाटली तरी बोलला, काय झालं ते सांगितलं, समोरच्याचा राग महिनोन्‌महिने सोसला. माफी त्यानंतर आली. माफ करायला आधी कुणीतरी काहीतरी कबूल करावं लागतं. सिनेमात के माफ करत नाही, के जिंकते. 'जंगल रेड' रंगाची नखं लावून, डाव रचून, दुसरीला हरवून ती नवऱ्याला परत आणते. यात नवरा म्हणजे एक ट्रॉफी झाली, आज तिच्याकडे, उद्या हिच्याकडे, आणि ट्रॉफीला कुणी प्रश्न विचारत नाही. खरं सांगायचं तर यात पुरुषाचा पण अपमानच आहे. त्याला चूक करायची मुभा दिली पण मोठा माणूस म्हणून चूक निस्तरायची संधी दिली नाही. लेस्ली नील्सन काही वाईट नट नव्हता, त्याला एक खरा सीन दिला असता तर त्याने केला असता.

केच्या गाण्याचं काय झालं हा प्रश्न पण मला सोडत नाही. डिव्होर्सनंतर ती परत गायला लागते, नाइटक्लबमध्ये उभी राहते, कमावते. मेरीकडे असलं काही नव्हतं, मेरी दोन वर्षं नुसती वाट बघत होती. रिमेकमधली मनापासून आवडावी अशी भर ही एकच आहे. आणि पटकथेने ते गाणं एखाद्या वेटिंग रूमसारखं वापरलंय, नवरा परत येईपर्यंत बसायची जागा. तो आल्यावर त्या गाण्याचं पुढे काय, तिला परत एकदा सोडायला लावणार का, तो तरी म्हणेल का की गाणं चालू ठेव, याची कुणाला फिकीर नाही. ज्या लग्नासाठी तिने एकदा करिअर सोडलं आणि ते लग्न मोडलं, त्याच लग्नात परत जाताना ही गोष्ट बोलायची नाही तर मग काय बोलायचं?

२००८ मध्ये डायान इंग्लिशने 'द विमेन' परत केला, मेग रायन, ॲनेट बेनिंग, इव्हा मेंडेस. पुरुष पुन्हा गायब, शेवटी जन्माला येणारं बाळ तेवढं मुलगा. मेरी स्वतःचा फॅशनचा धंदा उभा करते, आणि सिनेमा दोन मैत्रिणींच्या भांडणावर आणि समेटावर जास्त वेळ देतो. त्या बाबतीत हा सिनेमा १९५६ पेक्षा नक्कीच शहाणा. पण त्यात बघा काय गंमत झालीय, सगळ्यात मोठा विश्वासघात मैत्रिणीचा, सगळ्यात मोठी माफी पण मैत्रिणीची, ती मैत्रीण येते, रडते, कबूल करते. बाईने बाईची माफी कशी मागावी ते तब्बल एक सीन लावून दाखवलं. नवऱ्याची माफी मात्र पुन्हा टेलिफोनच्या पलीकडे. सत्तर वर्षांत या गोष्टीत कपडे बदलले, कायदे बदलले, न्यूयॉर्कमध्ये तर २०१० पासून कुणाचाही दोष सिद्ध न करता डिव्होर्स मिळतो, पण हा एक सीन काही कुणी लिहीना.

रिमेक कशाला करायचा या प्रश्नाला माझं उत्तर यातूनच येतं. जुन्या गोष्टीत जी माणसं गप्प बसवली होती त्यांना बोलतं करायला करायचा. नुसती गाणी घालून, पडदा रुंद करून, चार नवे कपडे शिवून केलेला रिमेक हा स्टुडिओचा वर्षाचा कोटा भरतो, बाकी काही नाही, आणि 'द ऑपोझिट सेक्स'ने तर एमजीएमला पैसे पण मिळवून दिले नाहीत. पुढचा कुणी ही गोष्ट करायला घेईल, आणि घेईलच कारण गोष्ट दणकट आहे, तर त्याने पुरुष दाखवायचे की नाही यावर वेळ घालवू नये. न दाखवता पण जाब विचारता येतो, त्या स्वयंपाकिणीने एका वाक्यात विचारला होता.

आणि त्याने मुलीपासून सुरुवात करावी असं मला वाटतं. १९३९ च्या सिनेमात आई-बाबा वेगळे होणार हे लहान मुलीला कोण सांगतं? मेरी सांगते. रडणाऱ्या पोरीला जवळ घेऊन, नवऱ्याबद्दल एक वाईट शब्द न काढता, माणसांचं एकमेकांवरचं प्रेम कधी कधी संपतं असं काहीतरी तिला समजेल असं सांगायचा प्रयत्न करते, आणि पोरगी विचारत राहते, आणि मेरीकडे उत्तर नाही कारण ते उत्तर तिचं नाहीच आहे. पुढे बाबा सुखी नाहीयेत आणि नवी आई फोनवर दुसऱ्याच कुणाशी तरी गोड बोलते ही बातमी पण आईपर्यंत तीच पोरगी आणते, म्हणजे घर मोडल्याचं ओझं पण तिच्यावर आणि जोडायचं काम पण तिच्याकडे. तिच्या समोर तिचा बाप बसला पाहिजे. तिने तोच प्रश्न त्याला विचारला पाहिजे, आणि तो उत्तर देईपर्यंत कॅमेरा त्याच्यावरून हलता कामा नये.